याडीची भिंत

मी सरकारी रजिस्टरात एक खोटी ओळ लिहिली होती. "तांड्यावर आगाऊ सूचना दिली," एवढीच ती ओळ. पुढच्या रकान्यात, सूचना कोणाला दिली तिथे, मी एका माणसाचं नाव लिहिलं. त्या आठवड्यात त्या माणसाला मी पाहिलंसुद्धा नव्हतं. लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल. ते खोटं होतं हे सांगायला मला सात वर्षं लागली. आणि जी बाई त्या दिवाळीत उठून उभी राहणार होती, ती राहिली नाही.

साठ सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो. हिवतापाच्या फवारणीवर सुपरवायझर होतो. हाताखाली पाच माणसं, दोन पंप, बादल्या आणि एक सायकल. घाटंजीच्या बाजूची काही गावं आणि तांडे माझ्याकडे होते. वर्षातून दोन फेऱ्या असत. घरातलं सगळं सामान अंगणात काढायचं, पांढरी पावडर पाण्यात कालवायची आणि आतल्या भिंतींवर, आढ्यावर, फटीफटीत मारायची. ते औषध भिंतीवर सुकून राहिलं तरच भिंतीवर टेकणारा डास मरतो. म्हणून फवारणीनंतर अडीच महिने भिंतीला हात लावायचा नाही, शेणामातीनं पोतारायचं नाही, असा नियम होता.

ज्यांची घरं कुडाची, त्यांना हा नियम किती जड जात असेल हे मला कळायला हवं होतं. आमच्या दारव्ह्याच्या घरातही आई दर आठवड्याला चूल आणि भिंती पोतारायची. ओल्या मातीचा आणि शेणाचा तो वास आजही कुठे आला तर मी थांबतो. बायकांचं हे काम अडू नये म्हणूनच तर आगाऊ सूचना होती. फवारणीच्या आठ दिवस आधी सुपरवायझरनं स्वतः जाऊन सांगायचं, म्हणजे बायका भिंती नव्यानं पोतारून, सुकवून मोकळ्या होतात आणि वरून औषध बसतं.

त्या तांड्यावर मी पहिल्यांदा गेलो तो वैशाखात. गावापासून दोन मैल, मध्ये एक नाला, नाल्यापलीकडे पंचवीस-तीस घरं. पूर्वी ही माणसं बैलांवर माल लादून मुलुखभर हिंडायची, आता शेती करून राहिली होती. आपसात गोर बोली, आमच्याशी वऱ्हाडी. तांड्याच्या नायकानं आम्हाला बसायला बाज दिली आणि पाणी देता देता म्हणाला, "मागच्या बारीले तुमच्या औषधानं मांजर मेली अन् ढेकूण वाढले. यंदा कोनाची पाळी हाय सायब?"

माझी माणसं हसली. मीही हसलो.

तिसऱ्या की चौथ्या घराशी आम्ही पोचलो तेव्हा सगळं सामान बाहेर आलेलं होतं. मी दारातूनच विचारलं, "आत काही राहिलं का?"

"हाय ना," घरातली सून म्हणाली. "पन ते सामान नोहय."

आत अगदी मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून एक म्हातारी बाजेवर पडलेली होती. सुनेची सासू. होळीच्या सुमारास बैलगाडी उलटली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांधून दिलं, तेव्हापासून ती तशीच. आजारी माणसाला आडोशाला, अंधारात ठेवायचं, वारा-ऊन लागू द्यायचं नाही, अशी आमच्याकडे सगळीकडेच रीत होती. तिच्या मुलानं आणि माझ्या तीन माणसांनी बाज उचलून बाहेर मोहाच्या झाडाखाली आणली. झाडाखाली टेकवली तशी ती म्हणाली, "नेऊनच राह्यले तं नाल्यापर्यंत न्या. अर्ध्यात काहून ठेवता?"

पुन्हा सगळे हसले. ती हसली नाही.

गोर बोलीत आईला याडी म्हणतात. तिला तांडाभर याडीच म्हणत, आणि पुढे मीही म्हणू लागलो.

फवारणी झाली, घर वाळलं, सामान आत जाऊ लागलं. माझी माणसं बाज घेऊन मागच्या कोपऱ्याकडे निघाली तेव्हा सुनेनं त्यांना अडवलं. "थितं नाई. इकडं ठेवा, दारासमोरच्या भितीले."

"तिले ऊन लागंल," मुलगा म्हणाला.

"लागू दे. घरात कोन आलं, कोन गेलं, मी तिखटात मीठ टाकलं का नाई, तिले दिसलं पायजे."

"मंग दिवसभर बोलन ना ती."

"बोलू दे. दोन महिने झाले, बोललीच नाई."

घर रिकामं झालं नसतं तर ती बाज हलली नसती. एवढं एकच चांगलं काम आमच्या फवारणीनं त्या घरात केलं, आणि तेही न ठरवता. सुनेनं आणखी एक केलं. याडीनं तरुणपणी भरलेली एक पिशवी पेटीत पडून होती, लाल कापडावर आरशांचे तुकडे आणि कवड्या लावलेली. ती तिनं दाराच्या आतल्या बाजूला खुंटीला टांगली. सकाळचं ऊन दारातून आलं की आरशांवर पडायचं आणि बाजेसमोरच्या भिंतीवर उजेडाचे पन्नासेक ठिपके हलायचे.

फवारणीनंतर भिंती तपासायला मला पंधरा-वीस दिवसांनी चक्कर टाकावी लागे. कोणी पोतारलं तर नाही ना, एवढंच बघायचं. बाकीची घरं मी दारातून बघायचो, याडीच्या घरी बसायचो. बिनदुधाचा, गुळाचा चहा मिळायचा. पहिल्या चकरेत ती कुशीवर वळून दाराकडे बघत होती. दुसऱ्या चकरेत मुलानं तिला काखेत धरून बसवलं होतं, पाठीशी गोधडीचा गठ्ठा. ती त्या ठिपक्यांकडे बघत होती.

"काय बघता याडी?"

"भित पायतो. कोन्या गाढवानं रंगवली?"

"औषध आहे ते."

"औषध असन. पन हे पांढरे वघय खाली उतरलेले... जसं कोनी रडलं." मग सुनेकडे वळून, "याले इचार ना, हातभर तरी पोतारू देतं का?"

"श्रावण लागू द्या," मी म्हणालो. "मग तुम्हीच पोतारा."

"मी?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

श्रावणात अडीच महिने संपले. घाटंजीच्या बाजारातून मी गेरूचे चार खडे घेतले आणि कागदात बांधून तांड्यावर नेले. ते आजही मला बरं वाटणारं एक काम आहे, पण सांगताना लाज वाटते, कारण पुढचंही माझ्याच हातचं. सुनेनं भिंतीला पांढरी माती दिली. मुलानं याडीला बाजेवरून उतरवून भिंतीशी बसवलं. तुराटीच्या टोकाला कापसाचा बोळा बांधून, गेरूत बुडवून, तिनं बसल्या बसल्या हात पोचेल तिथे ठिपक्यांची एक ओळ काढली. एक ओळ काढून घामाघूम झाली आणि मुलाला म्हणाली, "आता उचल."

त्यानंतर मी जेव्हा गेलो तेव्हा भिंत वर चढलेली असायची. ठिपके, त्यावर छोटे छोटे डोंगर, त्यावर बैलांची रांग. बसून जिथपर्यंत हात जातो तिथपर्यंत भिंत भरली तेव्हा ती गुडघ्यांवर उठायचा हट्ट करू लागली. हाडवैद्य येऊन गेला. हाड जुळलंय, म्हणाला, आता पाय किती वापरते त्यावर. मुलगा रोज सकाळी वावरात जायच्या आधी तिला काखेतून उचलून भिंतीशी गुडघ्यांवर धरायचा. त्याच्या सगळ्या अंगाला गेरू लागलेला असायचा. तांड्यातली पोरं त्याला "नवरदेव" म्हणून चिडवायची.

"दिवाईले उभी राहून भितीवर चौकटीच्या उंचीपर्यंत जातो," याडी मला म्हणाली. "थितं मोर काढतो. तू ये पाहाले."

मी येतो म्हणालो.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं होतं. बायको दारव्ह्याला माझ्या आईवडिलांकडे, मी घाटंजीला एका खोलीत. दसऱ्याआधी दुसरी फेरी लागायची होती. तांड्यावर सूचना द्यायचा दिवस शनिवारी आला. नाल्याला पाणी होतं, पण गुडघाभर. तो मी स्वतःलाच दिलेला बहाणा. खरं कारण असं, की संध्याकाळची बस चुकली असती आणि रविवार गेला असता. बसस्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन मी रजिस्टर भरलं. सूचना दिली. कोणाला, हा रकाना मोकळा ठेवता येत नव्हता. तांड्यावरचं जे नाव मला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं, तेच हातातून उतरलं. ज्याच्या घरी मी चहा प्यायचो त्याचं.

आठ दिवसांनी आम्ही पंप घेऊन तांड्यावर गेलो तेव्हा बायका बघत राहिल्या. कोणाचीही भिंत झालेली नव्हती. दिवाळी तोंडावर, आणि आता औषध पडलं की दिवाळी होऊन जाईपर्यंत हात लावायचा नाही. याडीच्या घरी तर आदल्याच दिवशी सुनेनं जुनं सगळं पुसून पूर्ण भिंतीला नवी माती दिली होती. याडीनं ठरवलं होतं की यंदा खालपासून वरपर्यंत एकसंध काढायचं. माती अजून ओली होती. याडी गुडघ्यांवर होती. मुलगा मागून धरून होता.

नायक आला. "सायब, सूचना नाई आली."

मी चार दिवसांनी येतो म्हणालो असतो तर चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी वरचे साहेब तपासणीला यायचे होते, आणि ते विचारतील की तांडा का राहिला. मी रजिस्टर उघडलं. "सूचना दिलीय. हे बघा लिहिलंय."

"कोनाले देल्ली?"

मी नाव वाचलं.

याडीचा मुलगा आईला तसाच धरून आतूनच म्हणाला, "मले? मले कोनी नाई सांगतलं."

"इथं लिहिलंय," मी म्हणालो.

नायक जरा वेळ कागदाकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. "लिवलंय तं लिवलंय," तो म्हणाला. बाया पुटपुटू लागल्या. एक जण मुलाला म्हणाली, "आईची भित रंगवाले रोज नवरदेव होते, अन् तांड्याले सांगाले तोंड नाई काय रे?"

याडीनं मान वळवून मुलाकडे पाहिलं. "तुले सांगतलं होतं अन् तू इसरला?"

"याडी, नाई सांगतलं."

"मंग सायब खोटं बोलून राह्यला काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिथे मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "विसरला असेल. होतं असं एखाद्या वेळी."

ते वाक्य मी किती वेळा मनात परत ऐकलंय, सांगता येणार नाही. रजिस्टरातल्या ओळीपेक्षा ते वाईट होतं. ओळ घाईत लिहिली होती, हे मी तिच्या डोळ्यांत बघून बोललो.

बाज बाहेर आणली. पंप सुरू झाला. ओल्या मातीवर पाणी बसलं की माती धरून राहत नाही, ती खाली उतरू लागली. आतून पांढरट चिखल उंबऱ्यापर्यंत आला. याडी मोहाखाली बसून बघत होती. मुलानं तिला आत न्यायला हात पुढे केला तेव्हा तिनं तो झटकला. मग माझ्या दोन माणसांनी तिला उचलून आत नेलं.

महिन्याभरानं तपासणीला गेलो. भिंतींना कोणी हात लावलेला नव्हता, नियम पाळला होता. बाज परत मागच्या कोपऱ्यात गेली होती. याडीनंच तसं सांगितलं होतं. तोंड भिंतीकडे. पिशवी खुंटीवर होती, पण तिच्या बाजेवरून दिसत नव्हती.

"उठत नाहीत?" मी सुनेला हळू विचारलं.

"त्याचा हात लागू देत नाई," ती म्हणाली. "तांड्यात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली, म्हनते त्याले. अन् मले तं उचलवत नाई." ती पाच महिन्यांची गरोदर होती. "हाडवैद्य सांगून गेला, हिवाळा असाच गेला तं पाय आखडन. मंग नाई सुटनार."

मी तेव्हाही बोललो नाही. नोकरी कच्ची होती, घरी नवी बायको, रजिस्टरात खोटं सापडलं तर काढून टाकतील ही भीती. त्या दिवशी मी चहा नको म्हणालो. ही माझ्या मते मी स्वतःला दिलेली शिक्षा होती. तिचा कोणाला काय उपयोग होता, देव जाणे. पुढच्या वर्षी माझी आर्णीला बदली झाली. तांड्याची खबर अधूनमधून माझ्या जुन्या माणसांकडून कळायची. याडीचे पाय आखडले ते आखडलेच. ती बसून सरकते. मुलानं शेजारी वेगळं घर बांधलं. आईला तो धान्य देतो, लाकूड देतो, पण दोघं कामापुरतंच बोलतात.

सहासष्ट साली माझ्या बायकोला दिवस गेले. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पडून राहायचं, पाच महिने. मी आर्णीच्या भाड्याच्या घरातली मागची खोली तिच्यासाठी तयार केली. गादी घातली, खिडकीला कांबळं लावलं, आवाज नको म्हणून दार ओढून घेतलं. मला वाटलं, फार चांगली सोय केली. पंधरा दिवसांत तिचं जेवण अर्ध्यावर आलं. विचारलं तर म्हणे, काही नाही. एकदा संध्याकाळी म्हणाली, "मले इथून काढा. मी काही मेली नाही."

"आरामासाठी केलं ते."

"आराम हाय. पन दिवस कवा निघाला अन् कवा बुडला, हे तुमी सांगाल तवा कळते. मले सैपाकघराजवळ ठेवा. दूध उतू गेलं तं निदान वरडता येईन."

मी पलंग पुढच्या खोलीत आणला, दार आणि चूल दोन्ही दिसतील असा. कांबळं काढलं. तिनं पडल्या पडल्या समोरच्या कोनाड्यात काय ठेवायचं, काय नाही, ते मला सांगायला सुरुवात केली. डबे मी तीन वेळा हलवले. आठवड्याभरात ती पोटभर जेवू लागली. शेजारणींना दारातून हाका मारू लागली. औषधं तीच होती.

एके दुपारी डबे लावता लावता मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. शनिवारची बस, रजिस्टर, भिंत, ते वाक्य. ज्या रविवारासाठी मी ते केलं तो रविवार तिच्याबरोबर गेला होता, हेही. तिनं आढ्याकडे बघतच विचारलं.

"किती दूर हाय तो तांडा?"

"घाटंजीपर्यंत बस. पुढे चालत."

"मंग काही फार दूर नाही," ती म्हणाली आणि कूस वळली.

मुलगी झाली, दोघी नीट होत्या. तरी मी आणखी काही महिने काढले, हेही लिहिलं पाहिजे. सदुसष्टच्या थंडीत, कापूस वेचणीच्या दिवसांत गेलो. नाला कोरडा होता. याडी अंगणात पोत्यावर बसून कापसातला कचरा निवडत होती. पाय एका बाजूला दुमडलेले. केस पूर्ण पांढरे. आठ-दहा हातांवर, शेजारच्या अंगणात मुलगा बैलगाडीचं जू नीट करत होता. त्यानं मला ओळखलं आणि मान खाली घालून काम चालू ठेवलं.

"औषधवाला हायेस ना तू?" याडी म्हणाली. "मोठा झाला. बस. चाय घेतं?"

"याडी, मी चहाला नाही आलो." मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. सात वर्षं मनात जुळवलेलं सगळं भाषण गेलं. मी घरी बोलतो तसंच बोललो. "त्या साली मी सूचना द्यायले आलोच नोहतो. नाल्यापर्यंतही आलो नाही. दारव्ह्याले गेलतो, बायकोकडं. तुमच्या पोराले मी काही सांगतलं नोहतं. त्याचं नाव मी मनानं लिवलं."

तिचे हात कापसात थांबले.

"मले काय सांगून राह्यला?" ती म्हणाली. "थो थितं बसला हाय. त्याले सांग. अन् मोठ्यानं सांग, समद्यायले ऐकू गेलं पायजे. तवा समद्यायसमोर बोलला होता ना."

मी उठलो. आजूबाजूच्या अंगणांतून तीन-चार बाया बघत होत्या. मुलगा जू हातात धरून उभा राहिला होता. त्याच्यासमोर जाऊन मी हात जोडले आणि मला जमेल तितक्या मोठ्यानं म्हणालो, "भाऊ, तुमची काहीच चूक नोहती. तुमाले कोनी सांगतलं नोहतं. मी रजिस्टरात खोटं लिवलं, अन् तुमच्या आईनं मले इचारलं तवा तिच्या तोंडावर खोटं बोललो. तिची भित माझ्यानं गेली, तिचे पाय माझ्यानं गेले, अन् तुमचा हात तिनं माझ्यानं झटकला. सात वर्षं मी चूप राह्यलो. मले माफ करा."